हातोडा मारण्याआधी मान वर कर

पहिलंच कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, मिळालंय तुला, म्हणून सांगतो. तोडायच्या झाडावर खूण उमटवणारा मार्किंगचा हातोडा मारायच्या आधी झाडाभोवती एक पूर्ण चक्कर मार, नजर वर ठेवून. ढोलीची कड घासून गुळगुळीत झालेली, खाली पांढरी शीट, पाचोळ्यात उंदराच्या केसांच्या सुक्या गोळ्या दिसल्या, की आत घुबड नाहीतर पिंगळा आहे समज. ते झाड सोडायचं. सातपुड्याच्या सागात तर जास्तच जपून. १८८४ नंतर खात्रीने कुणालाच न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, आणि तो अशाच ढोलीत अंडी घालतो.

वाळकं झाड म्हणजे नुसतं जळण, असं मलाही वाटायचं. पहिल्या वर्षी असंच एक पाडलं. फुटलेल्या ढोलीतून पोपटाची तीन पिल्लं बाहेर पडली, अंगावर धड पिसंही नव्हती. तेव्हापासून थोडी वाळकी उभीच ठेवतो. साहेबांनी विचारलं की ढोली दाखवतो.

आणि तोडलेला माल लवकर डेपोला हलव. थप्पी पडून राहिली की खाली घोणस येऊन बसते. मग उचलताना मजुराचा हात आणि तिचा जीव, दोन्ही धोक्यात.