२०१२ ची वॅगनआर, ८५ हजार किलोमीटर झालेली. इंजिन भरवशाचं आहे का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घरातली पहिलीच गाडी, २०१२ ची पेट्रोल वॅगनआर, काट्यावर ८५ हजार, आणि ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की लवकरच टायमिंग बेल्टचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या आतल्या पट्ट्याचा) खर्च निघेल. घ्यावी का?

आधी बेल्टचं बोलतो, कारण तिथे गफलत झालीय. तुमच्या गाडीत टायमिंग बेल्ट नाहीच. २०१० पर्यंतच्या जुन्या वॅगनआरमध्ये १०६१ सीसीचं एफ१०डी इंजिन होतं, त्याला बेल्ट होता. ऑल्टो ८०० च्या ७९६ सीसी इंजिनालाही बेल्टच आहे. २०१० मध्ये वॅगनआर बदलली आणि तिच्यात के१०बी आलं. हे इंजिन २००८ साली ए-स्टारबरोबर भारतात आलं होतं. त्यात बेल्टच्या जागी टायमिंग चेन, म्हणजे धातूची साखळी, आहे आणि ती ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते. मेकॅनिक बाहेरच्या बेल्टबद्दल, म्हणजे अल्टरनेटर आणि एसीच्या पट्ट्यांबद्दल बोलत असतील तर गोष्ट वेगळी. त्या चिरा पडल्यावर बदलायच्या, खर्च किरकोळ.

के१०बी म्हणजे ९९८ सीसी, तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. ताकद ६२०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) ६८ पीएस, टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर ३५०० आरपीएमला ९० न्यूटन-मीटर. यातला दुसरा आकडा रोजच्या वापरात लक्षात ठेवा. खालच्या आरपीएमला हे इंजिन ओढत नाही. घाटात, एसी चालू, गाडीत पाच माणसं, अशा वेळी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत नेण्यापेक्षा सरळ दुसरा टाका. आवाज वाढला म्हणून घाबरू नका, कण्हत चालवण्यानेच इंजिन जास्त तापतं. तीन सिलिंडरमुळे उभ्या गाडीत थोडी थरथर राहणारच. स्टीअरिंग आणि डॅशबोर्ड खडखडायला लागला तर मात्र फाउंडेशनचे रबर, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते, बघून घ्या.

आता भरवशाचं. माझ्याकडे याच इंजिनाची वॅगनआर आहे, २०११ ची, १ लाख ६४ हजार झालेत आणि इंजिन अजून उघडलेलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे इंजिन किलोमीटरने मरत नाही. ते मरतं ऑइलच्या आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) हेळसांडीने. म्हणून ८५ हजार या आकड्यावर फार जाऊ नका.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या, कारण गरम इंजिन बरंच काही लपवतं. मग ऑइल भरायचं झाकण उघडा आणि आत मोबाइलचा टॉर्च मारा. धातूवर मधासारखी पिवळसर-तपकिरी झाक असेल तर चांगलं. वाळलेल्या डांबरासारखा काळा थर दिसला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. झाकणाच्या आतून दुधाळ चहासारखा फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. थंडी-पावसात छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडा फेस येतो, पण मग ऑइल मोजायची कांडी ओढून बघा. कांडीवरचं ऑइलही दुधाळ असेल तर सौदा सोडून द्या. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकणही उघडा. पाणी गंजकट असेल तर कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत आलेत असं समजा. ॲल्युमिनियमच्या इंजिनाला ते हळूहळू खातं.

त्यानंतर चालू करा आणि कान द्या. पहिले एक-दोन सेकंद हलकी खरखर आली आणि थांबली तर ठीक. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, दाब यायला तेवढा वेळ लागतो. खरखर चालूच राहिली तर चेनचं काम आलं, ते किमतीतून वळतं करून घ्या. हा आवाज दाबायला काही जण २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल भरून गाडी विकतात. या इंजिनाच्या वाटा बारीक आहेत, जाड ऑइल सकाळी वर पोचायला वेळ लावतं. कुठलं ऑइल आहे हे सर्व्हिसच्या बिलावर बघा. पुस्तिकेत दिलेला ग्रेडच वापरा, मी ५डब्ल्यू-३० घालतो.

कूलंटचं मी इतकं का धरून बसलोय ते सांगतो. एका मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढत होतो. मध्येच एसीची हवा कोमट झाली. मला वाटलं गॅस संपला. तेवढ्यात गोडसर वास आला, उसाच्या काकवीसारखा. गाडी कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं, तर रेडिएटरच्या खालच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडातून हिरवं पाणी ठिबकत होतं. आदल्या आठवड्यात एका गॅरेजने होज नवा घातला आणि क्लिप जुनीच ठेवली होती. इंजिन तापलं की गाडीतला संगणक आधी एसी बंद करतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पाऊण तास थांबलो, रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. थंड झाल्यावर क्लिप आवळली, पाणी भरलं, हळूहळू घरी आलो. दुसऱ्या दिवशी नवी क्लिप आणि कूलंट. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाचलं. माझ्या चुलतभावाने के१० ऑल्टोत असाच कोमट झालेला एसी बघून 'शिरवळपर्यंत जाऊ' म्हटलं. हेड वाकलं, लेथवर फेस करावं (घासून सपाट करावं) लागलं, गॅस्केट नवी, गाडी बारा दिवस गॅरेजमध्ये.

ऑइल १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. गाडी शहराच्या गर्दीतच फिरणार असेल तर मी साडेसात हजारालाच बदला म्हणेन. यात ऑइल मावतं तीन लिटरच्या आसपास. एक लिटर कमी झालं म्हणजे तिसरा हिस्सा गेला, म्हणून महिन्यातून एकदा कांडी बघाच. प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई ही कामं सर्व्हिसमध्ये होत राहतात. मिसिंग आलं, म्हणजे इंजिन अडखळायला लागलं, तर मात्र आधी प्लग आणि त्यावरची कॉइल तपासा, लगेच इंजेक्टरवर जाऊ नका.

बाहेरून सीएनजी बसवलेली असेल तर आरसीवर नोंद आहे का बघा आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हच्या वर ठेवलेली बारीक फट) तपासून घ्या. सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात.

पेट्रोलचं एक सांगायचं राहिलं. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि २०१२ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज पाच-सात टक्के कमी पडलं तर तो इंजिनाचा दोष नव्हे. इंधनाचे रबरी पाइप मात्र वर्षाला एकदा हाताने दाबून बघा. फुगलेले किंवा चिकट लागले तर बदला. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल तसंच ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

आणि आरसीची तारीख बघायला विसरू नका. पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात, मग पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर. इंजिन कितीही गुणी असलं तरी भाव ठरवताना हा खर्च आधी धरा.