चारही चाकांची ताकद आणि बर्फातला ब्रेक

प्रश्न : आम्ही नुकतेच माँट्रियलला राहायला आलो. आमच्या एसयूव्हीत चारही चाकांना ताकद मिळते आणि टायरवर ‘एम प्लस एस’ (म्हणजे ‘मड अँड स्नो’, चिखल आणि बर्फ) असे लिहिलेले आहे. तरीही वेगळे हिवाळी टायर घ्यावेत का?

उत्तर : घ्यावेच लागतील. माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये नोंदलेल्या मोटारींना १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात ते कायद्यानेच सक्तीचे आहेत, आणि तेथे नुसती ही अक्षरे चालत नाहीत. टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असावी लागते, किंवा मग टायर खिळ्यांचे असावे लागतात. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी जागची हलवते, थांबवत मात्र नाही, आणि नवख्यांची फसगत होते ती नेमकी येथेच. तापमान साधारण ७ अंशांखाली उतरले की नेहमीच्या टायरचे रबर ताठरते. हिवाळी रबर मऊ राहते आणि त्यावरच्या ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा बर्फाला धरतात. टायर चारही बदलावेत, कारण पुढचे दोनच बदलल्यास वळणावर गाडीची मागची बाजू घसरते. पुढे पिकअप ट्रक घेऊन त्यातून ओझे वाहणार असाल, तर टायरचा भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नसावा.