तीन वर्षांनंतरचा लाइनमन

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी शाळेतले खेळाडू निवडणाऱ्या रिक्रूटिंग विभागात रुजू झालास आणि लगेच ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवून धरणाऱ्या मुलांची फिल्म तुझ्याकडे आली, हे वाचून फार बरं वाटलं. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आणि तो झेलणारा रिसीव्हर पाहायला सगळेच पुढे असतात. लाइनमन पाहायला चिकाटी लागते, आणि ती तुझ्यात आहे.

सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. समोर दिसणाऱ्या 17 वर्षांच्या मुलाला तू मार्क देत नाहीयेस, तो 20-21 वर्षांचा झाल्यावर कसा असेल याचा अंदाज बांधतो आहेस. चांगला रिसीव्हर पहिल्याच वर्षी मैदानात उतरू शकतो. लाइनमनचं पहिलं वर्ष, कधी दुसरंही, बहुतेक वेळा व्यायामशाळेत आणि सरावातच जातं, कारण त्याच्यासमोर उभा राहणारा 22 वर्षांचा, 300 पौंडांचा गडी असतो. म्हणून जे पुढे शिकवता येईल त्यावर फार भाळू नकोस. वजन वाढवता येतं, हात कुठे लावायचे हे शिकवता येतं, पावलांचा क्रम घोटून घेता येतो. पण घोट्यांची आणि खुब्यांची लवचिकता, पायांची चपळाई, हातांची लांबी आणि हरल्यावर पुन्हा भिडायची वृत्ती मुलगा घरून घेऊन येतो. तिथे कोच फार थोडी भर घालू शकतो.

हडल या व्हिडिओ साइटवर येणारी हायलाइट्स पाहा, पण त्यावरून मत बनवू नकोस. त्यात 280 पौंडांचा मुलगा 170 पौंडांच्या पोराला आडवा करतो आणि मागे गाणं वाजत असतं. त्यातून तो मोठा आहे एवढंच कळतं, आणि ते कागदावर आधीच लिहिलेलं आहे. शाळेच्या कोचकडून अख्खे सामने मागव. त्यांत एक सर्वांत तगड्या संघाविरुद्धचा हवा आणि एक हरलेला हवा. चौथ्या क्वार्टरमध्ये संघ 20 गुणांनी मागे असताना, चेंडू दुसऱ्या बाजूला गेलेला असताना हा मुलगा शिट्टी वाजेपर्यंत पळतो की उभा राहून बघतो, हे तिथे दिसतं.

मग एकच पास प्ले, म्हणजे चेंडू फेकायची खेळी, घे आणि तो मागेपुढे करून सावकाश पाहा. लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा मुलगा, मागे सरकतोय. तो गुडघ्यांतून बसलाय की कमरेतून वाकलाय? हा प्रश्न मी सर्वांत वर ठेवतो. कमरेतून वाकणाऱ्याचं डोकं पुढे जातं, वजन चवड्यांवर येतं, आणि समोरच्याने हात झटकले की तो तोंडावर पडतो. डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे टोकाकडून क्वार्टरबॅकवर चालून येणारा समोरचा खेळाडू, बाहेरून जोर लावतो आणि अचानक आत वळतो, तो क्षण थांबवून पाहा. मुलाचं सगळं वजन बाहेरच्या पायावर गेलं असेल तर तो तिथेच खिळतो आणि हात पसरून पकडायला धावतो. वजन दोन्ही पायांच्या मध्ये असेल तर तो आतला पाय पटकन टाकून छाती पुन्हा समोर आणतो. या खेळीत तो हरला तरी चालेल, फक्त शरीर वळलं का ते बघ. हात निसटल्यावर त्याने पुन्हा जागा पकडली का, हेही लिही. रन ब्लॉकमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देताना, तो लाइन सोडून पुढे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या लाइनबॅकरपर्यंत पोचतो तेव्हा काय करतो ते जरूर पाहा. मोकळ्या जागेत हलणाऱ्या माणसाला अडवताना अवजड मुलं उघडी पडतात.

शाळा कोणत्या पद्धतीने खेळते, हेही लक्षात घे. ऑप्शन, म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन धावण्याची पद्धत, खेळणाऱ्या शाळेतला मुलगा हात जमिनीला टेकवून सुरुवात करतो, खालून घुसतो, पण पास प्रोटेक्शन, म्हणजे चेंडू फेकेपर्यंत क्वार्टरबॅकचं रक्षण, त्याने फारसं केलेलंच नसतं. स्प्रेड, म्हणजे खेळाडू मैदानभर पसरवण्याची पद्धत, खेळणाऱ्या शाळेतला मुलगा उभ्यानेच सुरुवात करतो आणि त्याला खाली बसून रेटायची सवय नसते. जे त्याला कुणी करायलाच सांगितलं नाही, त्याचे मार्क कापणं अन्याय आहे.

जमेल तिथे त्याला दुसऱ्या खेळात पाहा. बास्केटबॉलमध्ये बचाव करताना बाजूला सरकणारे पाय आणि पास प्रोटेक्शनमधले पाय जवळजवळ एकच काम करतात. पाय एकमेकांवर चढतात का? धाप लागल्यावर गुडघे ताठ होतात का? कुस्ती खेळलेल्या मुलाला तोल आणि झटापट समजते, गोळाफेक करणाऱ्याच्या खुब्यांत स्फोट असतो. आयोवातल्या माउंट व्हर्ननचा ट्रिस्टन वर्फ्स शाळेत कुस्ती खेळायचा, गोळा आणि थाळी फेकायचा. 2020 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्यात, तो 13 वा निवडला गेला. त्याच राज्यातल्या डेनिसनचा ब्रँडन शर्फ शाळेत टेनिससुद्धा खेळायचा. कॉलेजमधल्या सर्वोत्तम लाइनमनसाठीची 2014 ची आउटलंड ट्रॉफी त्याला मिळाली. टेक्ससमधल्या ग्रोव्हटनचा लेन जॉन्सन शाळेत क्वार्टरबॅक होता. पुढे ओक्लाहोमात तो टाइट एंड आणि डिफेन्सिव्ह एंड करत करत टॅकल झाला आणि 2013 मध्ये चौथा निवडला गेला. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला गेलेला एरिक फिशर सेंट्रल मिशिगनचा, म्हणजे मोठ्या विद्यापीठांनी ज्याच्याकडे फारसं पाहिलंच नव्हतं असा. आणि पुढे एनएफएलचा नामवंत सेंटर झालेला जेसन केल्सी तर सिनसिनाटी विद्यापीठात स्कॉलरशिपशिवाय दाखल झाला होता. ही नावं पाठ करण्यासाठी नाहीत. रिक्रूटिंग साइट्स मुलांना देतात तो स्टार्सचा आकडा पाहून फिल्म बंद करावीशी वाटली, तर ती आठव.

शाळेच्या रोस्टरवरच्या, म्हणजे खेळाडूंच्या यादीतल्या, उंचीवर विश्वास ठेवू नकोस, ती बहुधा एखाद-दोन इंच फुगवलेली असते. जूनमध्ये मुलं तुमच्या कॅम्पला येतील तेव्हा बूट काढून उंची घ्या आणि हातांची लांबी मोजा. एनएफएलवाले टॅकलसाठी 34 इंच हातांची भाषा करतात. हात त्यापेक्षा आखूड असतील तर मुलगा बाद झाला असं नाही, लाइनच्या आतल्या जागांवरचा गार्ड किंवा सेंटर म्हणून विचार कर. सांगाडाही बघ. खांदे रुंद आहेत का, आणखी 40 पौंड कुठे बसतील, की आत्ताच सगळं पोटावर आलंय? 245 पौंडांचा, लांब हातांचा, अजून वाढणारा मुलगा मला 320 पौंडांच्या दमलेल्या मुलापेक्षा नेहमी जास्त आवडतो.

कॅम्पमधल्या एकास एक सरावात लाइनमन हरणारच. मोकळी जागा असते, शेजारी गार्ड नसतो, सगळा फायदा क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्या पास रशरचा. पहिल्या खेळीपेक्षा दुसरी पाहा. नुकताच ज्या चालीने हरला, तिला त्याने काय उत्तर शोधलं?

मार्कशीट उशिरा मागू नकोस. डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तराला, 16 कोअर कोर्स (मुख्य शालेय विषय) आणि किमान 2.3 जीपीए लागतो, आणि त्यातले 10 कोर्स शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात. अकरावीत हे कळलं तर मुलाला सावरता येतं, नंतर कळलं तर तो हातचा जातो आणि त्याचं नुकसान तुमच्यापेक्षा मोठं असतं.

आता विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, म्हणजे ट्रान्सफर पोर्टलमुळे, बरेच कोच तयार, 21 वर्षांचा लाइनमन घेणं पसंत करतात. त्यात 2025 पासून खेळाडूंना पैसे देण्याच्या नव्या करारात सामील झालेल्या विद्यापीठांना 85 स्कॉलरशिपऐवजी 105 खेळाडूंच्या रोस्टरची मर्यादा आहे. शाळेतल्या मुलांच्या वाट्याला जागा कमी उरतात, म्हणून तुझ्या अहवालातल्या प्रत्येक ओळीला वजन आहे. 'टफ आहे', 'मोटर चांगली' असलं लिहू नकोस. कोणत्या सामन्यात, कोणत्या खेळीत काय दिसलं ते लिही. आणि नाही म्हणायचं ठरलं तर कोचना लवकर कळवायला लाव. उत्तराची वाट पाहत एखादं पोर दुसऱ्या विद्यापीठाची ऑफर सोडून बसलेलं असतं, ते मला सहन होत नाही.

तुझ्या-माझ्यासारख्यांच्या घरात क्रिकेट होतं, हा खेळ कुणी खेळला नाही, म्हणून बिचकू नकोस. स्वतः खेळलेली माणसं पुष्कळदा आपल्यासारखाच मुलगा शोधत बसतात. तुला समोरचा मुलगा नीट दिसेल.

आता तुझ्याकडच्या चार टॅकल्सचे अहवाल लिहायला घे. उंची, वजन आणि स्टार्सचा रकाना झाकून आधी फिल्म लिहून काढ, मग रकाना उघड. कुठे मत बदललं ते त्याच कागदावर खाली लिहून मला पाठव. रविवारी सकाळी फोन करतो.

तुझा,
काका