लेहचा प्लॅन बघितला, सहाव्या दिवसाची ओळ खोड

अगं,

तुझी एक्सेल शीट काल रात्री नीट बघितली. बाइकवरून पुणे ते लेह पाच दिवस, तेही मनालीवरून, आणि सहाव्या दिवशी थेट खारदुंगला, लेहच्या वरची ती उंच खिंड! बाकी छान केलंयस, चेन ल्यूबसुद्धा विसरली नाहीस, पण ती सहाव्या दिवसाची ओळ आधी खोड.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच केलं होतं. मनालीहून पहाटे निघालो, अंगात जोश, संध्याकाळी वाटेतल्या सरचूला तंबूत. मनाली साधारण साडेसहा हजार फूट आणि सरचू चौदा हजार, एका दिवसात एवढं चढल्यावर काय होणार, रात्रभर डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी, सकाळी बाइक स्टँडवरून काढायचीही ताकद नाही. बरोबरचा मित्र रोज जिमला जाणारा, त्याचे हाल माझ्याहून वाईट. फिटनेसचा नि या उंचीच्या त्रासाचा काही संबंध नाही गं.

म्हणून जाताना श्रीनगरवरून जा. बडोदा, उदयपूर, पंजाब, जम्मू हे नुसतं अंतर कापायचंय, फक्त पहाटे निघ आणि अंधार पडायच्या आत थांब, जूनमधे राजस्थानात दुपारी हेल्मेटची भट्टी होते. श्रीनगर ते लेह साधारण ४२० किमी, लोक एका दिवसात मारतात, तू मारू नकोस. सोनमर्गनंतर झोजिला खिंड, उंची साडेअकरा हजारच पण चिखल, ट्रक आणि बाजूला दरी, तिथे पहिल्या गिअरमधे अर्धा क्लच दाबून चालवशील तर क्लच प्लेट जळेल. मग द्रासचं वॉर मेमोरियल, तिथे घाई करू नकोस. रात्री कारगिल, म्हणजे झोपायला परत नऊ हजारांच्या खाली आलीस. दुसऱ्या दिवशी फोटुला खिंड साडेतेरा हजार, लामायुरू, लेह.

लेहमधे दोन दिवस गाडीला हात लावू नकोस. पाणी पी, थुक्पा खा, बाजारात रमतगमत फिर. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, डॉक्टरांनाच विचार, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांग. डोकेदुखी वाढतच गेली किंवा चालताना तोल जायला लागला तर सरळ खाली उतरायचं, ट्रिप गेली खड्ड्यात.

येताना खुशाल मनालीवरून ये, तोवर अंगाला सवय झालेली असते. वाटेतले नाले सकाळीच पार कर, दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं. लेह सोडल्यावर कारूला टाकी फुल कर, वर पाच लिटरचा कॅन घे. उलट बाजूने, म्हणजे मनालीकडून येणाऱ्यांसाठी तांडीच्या पंपावर पाटीच आहे, पुढचा पंप ३६५ किमी, त्यावरून काय ते समज.

हो, तुझं प्रीपेड सिम तिकडे बंद पडतं, पोस्टपेड करून घे आणि तरीही फोन लागणार नाही हे आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती मला फोन करेल.

आता सुट्टी. अजून चार-पाच दिवस माग. नाहीच मिळाले तर बाइक रेल्वेने जम्मूला पाठव, तू झेलम एक्सप्रेसने जा, त्यात कमीपणा काही नाही. पार्सलला देताना टाकी रिकामी लागते, आरसी आणि आधारची झेरॉक्स बरोबर ने. तारीख ठरली की घरी ये, माझी टँक बॅग आणि पंक्चर किट नुसतं पडून आहे.