लिव्हरपूलचा सामना बोर्नमथच्या छोट्या मैदानावर बघायचाय, अवे तिकीट कसं मिळेल?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही शिकायला इंग्लंडला आला आहात, शाळेत असल्यापासून लिव्हरपूलचे चाहते आहात. अ‍ॅनफील्डचं (लिव्हरपूलच्या घरच्या मैदानाचं) तिकीट मिळेना म्हणून बोर्नमथच्या छोट्या मैदानावर त्यांचा सामना बघावा असं ठरवलंत, तर तिथलं अवे तिकीट, म्हणजे पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी राखलेलं तिकीट, अ‍ॅनफील्डपेक्षाही अवघड निघालं. एका साइटवर ते मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने दिसतंय. ते घ्यावं, की बोर्नमथच्या चाहत्यांमध्ये बसून गपचूप सामना बघावा?

दोन्ही करू नका. मी रेडिंगला राहतो आणि इथल्याच क्लबच्या मागे बरीच वर्षं गावोगाव हिंडतोय, त्यामुळे असं ठामपणे सांगतोय.

आधी तिकीट का मिळत नाही ते बघू. प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनचा, नियम असा की यजमान क्लबने पाहुण्यांना ३,००० तिकिटं द्यायची. मैदान लहान असेल तर एकूण क्षमतेच्या १० टक्के. बोर्नमथच्या मैदानाची क्षमता गेली कित्येक वर्षं साधारण ११,३०० होती. त्याचे १० टक्के म्हणजे अकराशे-साडेअकराशे. अ‍ॅनफील्डला साठ हजारांवर माणूस बसतो, आणि त्यातल्या ज्यांना कुठेही जायची तयारी असते त्या सगळ्यांची नजर या हजार-अकराशे खुर्च्यांवर असते. मैदान लहान म्हणजे गर्दी कमी, तिकीट सोपं, असं आपल्याला वाटतं. अवे तिकिटाच्या बाबतीत गणित नेमकं उलटं होतं. क्लब जितका मोठा आणि मैदान जितकं छोटं, तितकं ते तिकीट दुर्मीळ.

त्यात ही तिकिटं ‘आधी येईल त्याला’ अशी विकतच नाहीत. जवळजवळ प्रत्येक मोठ्या क्लबात हिशेब ठेवलेला असतो. लिव्हरपूलमध्ये आधीच्या हंगामांत तुम्ही कुठल्या कुठल्या अवे सामन्यांना गेलात याची नोंद बघतात, इतर ठिकाणी लॉयल्टी पॉइंट म्हणतात. विक्री पायरीपायरीने उघडते: सगळ्यात जास्त नोंद असलेल्यांना पहिला दिवस, मग त्याखालचे, मग त्याखालचे. बोर्नमथसारख्या सामन्याला खालच्या पायरीपर्यंत काही उरतच नाही. म्हणजे ते तिकीट तुमच्याआधी कुणी चपळाईने उचललेलं नसतं. ज्याच्याकडे ते आहे त्याने त्यासाठी आधीची कित्येक वर्षं थंडीवाऱ्यात प्रवास केलेला असतो. मला ही पद्धत न्याय्य वाटते. तिच्यामुळे नव्या माणसाला दार जवळजवळ बंद होतं, हेही खरं आहे, आणि तुमची चिडचिड मी समजू शकतो.

मग लोक एवढी धडपड का करतात? एक कारण पैशाचं आहे आणि त्यात लिव्हरपूलच्या चाहत्यांचाच हात आहे. ६ फेब्रुवारी २०१६ ला संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला अ‍ॅनफील्डवरचे साधारण दहा हजार लोक उठून बाहेर गेले, कारण क्लबने नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं होतं. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होतं, सामना २-२ असा सुटला. काही दिवसांत क्लबने ती दरवाढ मागे घेतली. चाहत्यांच्या संघटना आधीपासून अवे तिकीट २० पौंडांवर आणा म्हणून मागणी करत होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी ३० पौंडांची मर्यादा मान्य केली आणि ती २०१६-१७ च्या हंगामापासून लागू झाली. यजमान मैदानावर शेजारच्या स्टँडमध्ये बसलेला माणूस दुप्पट पैसे मोजत असला तरी पाहुण्याला ३० च्या वर मोजावे लागत नाहीत. लक्षात घ्या, ही मर्यादा फक्त प्रीमियर लीगची. खालच्या डिव्हिजनांत ती नाही. तिथे पाहुण्याला तशाच जागेसाठी घरच्या चाहत्यापेक्षा जास्त दर लावायचा नाही, एवढंच बंधन आहे.

आता त्या साइटवरच्या तिकिटाबद्दल. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. मैफलीच्या किंवा नाटकाच्या तिकिटाला तो नियम नाही, फुटबॉलला आहे, कारण चुकीच्या माणसाच्या हाती चुकीच्या स्टँडचं तिकीट पडलं तर मारामारीची भीती असते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने असंच एक तिकीट घेतलं होतं. घरी पोस्टाने दुसऱ्या कुणाचं तरी मेंबरशिप कार्ड आलं, सामना झाला की परत पाठवायचं अशी अट. टर्नस्टाइलवर (प्रवेशाच्या फिरत्या फाटकावर) लाल दिवा लागला. कार्ड आधीच बंद केलेलं होतं. त्याच्यामागे रांग खोळंबली, स्टुअर्डने (मैदानावरची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने) त्याला बाजूला घेतलं, आणि पुढचे दोन तास तो मैदानाच्या भिंतीबाहेर उभा राहून आतला आवाज ऐकत होता. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. त्याचा तो चेहरा आठवला की मला अजूनही वाईट वाटतं.

आणि घरच्या स्टँडमध्ये लपून बसणं. बहुतेक वेळा काही होत नाही, हे मान्य. पण तुम्ही शाळेपासूनचे चाहते आहात. लिव्हरपूल गोल करेल तेव्हा तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून बसून दाखवा. तुम्ही उठणार. आणि उठलात की मागच्या रांगेतल्या एखाद्या आजोबांना चीड येणार, स्टुअर्ड येणार, तुम्हाला बाहेर काढणार. मैदानाच्या नियमावलीत तसा अधिकार त्यांना असतोच. छोट्या मैदानावर तर लपायला जागाच नसते. सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत असतात, नवा चेहरा लगेच दिसतो. त्यापेक्षा मोठं कारण मात्र असं की नव्वद मिनिटं आपला आनंद गिळून बसण्यासाठी कुणी फुटबॉल बघायला जात नाही.

तर करायचं काय? छोट्या मैदानाची ओढ खरी असेल, तर लिव्हरपूलला थोडं बाजूला ठेवा आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या लीग वन किंवा लीग टूच्या (तिसऱ्या किंवा चौथ्या डिव्हिजनच्या) क्लबसोबत एखाद्या अवे सामन्याला जा. तिथे पाहुण्यांना २,००० तिकिटं किंवा क्षमतेच्या १० टक्के मिळतात, आणि एखाददुसरा शेजारच्या गावाचा सामना सोडला तर ती संपत नाहीत. साइटवर खातं उघडलं की सरळ खरेदी. अनेकदा सामन्याच्या दिवशीही मिळतात.

२०२३ मध्ये रेडिंग लीग वनमध्ये घसरलं तेव्हा आम्ही सगळे खचलो होतो. पण त्या घसरणीने मला एक्झिटर दाखवलं. मैदान सेंट जेम्स पार्क, क्षमता नऊ हजारांच्या आतली, क्लबची मालकी चाहत्यांच्या ट्रस्टची, तीही २००३ पासून. मैदानाला लागून त्याच नावाचं रेल्वे स्टेशन. पाहुण्यांना जागा मिळते ती गोलमागच्या उघड्या टेरेसवर. टेरेस म्हणजे गच्ची नव्हे. सिमेंटच्या रुंद, बुटक्या पायऱ्या, मध्ये मध्ये टेकायला लोखंडी आडवे दांडे, खुर्ची नाही आणि वर छत नाही.

पाऊस पहिल्या मिनिटापासून होता. माझ्या उजवीकडे सत्तरीचे एक गृहस्थ होते, लाल थर्मासमधून झाकणात चहा ओतायचे, अर्धा प्यायचे आणि काही न बोलता झाकण माझ्यापुढे धरायचे. चहात पावसाचं पाणी पडत होतं. आमचा गोलकीपर इतका जवळ होता की तो बचावपटूंना नावाने ओरडून काय सांगतोय ते शब्दन् शब्द ऐकू येत होतं; एकदा चेंडू बाहेर गेला तेव्हा त्याने वळून पहिल्या पायरीवरच्या लहान मुलीला अंगठा दाखवला. समोर घरच्या चाहत्यांचा बिग बँक, तोही उभ्याचाच टेरेस, एवढा मोठा की आज इंग्लिश लीगमध्ये असे फार थोडे उरलेत. तो गायला लागला की त्याचा आवाज सरळ छातीवर येतो. आम्ही काहीशे होतो, त्यांना उत्तर देत होतो. मोठ्या स्टेडियममध्ये तिसऱ्या मजल्यावरून मी कितीतरी सामने बघितलेत, त्यातले निम्मे आठवत नाहीत. त्या दिवशीच्या चहाची चव आठवते.

हे उभं राहणं वरच्या डिव्हिजनांत का दिसत नाही याला मोठं दुःखद कारण आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या (सगळ्या डिव्हिजनांच्या क्लबांच्या बाद स्पर्धेच्या) उपांत्य सामन्यात लिव्हरपूलच्या चाहत्यांची पाहुण्यांच्या टेरेसवर जीवघेणी चेंगराचेंगरी झाली. एकूण ९७ जण गेले. त्या दुर्घटनेच्या चौकशीचा टेलर अहवाल १९९० मध्ये आला, आणि त्यानंतर वरच्या दोन डिव्हिजनांच्या मैदानांवर फक्त खुर्च्या आल्या. सुरक्षित कठड्यांसह उभं राहायची परवानगी २०२२ मध्ये कुठे पुन्हा मिळायला लागली. तुम्ही लिव्हरपूलचे आहात, तुम्हाला हे माहीत असेलच. पण अवे एंडला, म्हणजे पाहुण्यांच्या स्टँडला, पहिल्यांदा जाल तेव्हा जिने, दांडे, बाहेर पडायचे दरवाजे यांच्याकडे एकदा नीट बघा. स्टुअर्ड ‘जिना मोकळा ठेवा’ म्हणाला तर लगेच ऐका.

आणखी एक मैदान सांगायलाच हवं, ल्यूटनचं केनिलवर्थ रोड. रेडिंग चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, असताना गेलो होतो. ओक रोड नावाच्या गल्लीत एकाला एक चिकटलेली विटांची घरं आणि त्या घरांच्या रांगेतच पाहुण्यांचं प्रवेशद्वार. घराखालून आत शिरायचं, लोखंडी जिना चढायचा, आणि चढताना दोन्ही बाजूंना लोकांची परसं दिसतात: वाळत घातलेले कपडे, लहान मुलाची सायकल. आत खांब मध्ये येतात, अर्धा कोपरा दिसत नाही. हेच मैदान २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीग खेळलं आणि जगभरच्या टीव्हीवर तो जिना दिसला. ऐंशीच्या दशकात मात्र याच क्लबने पाहुण्या चाहत्यांना सरसकट बंदी घातली होती. १९८५ मध्ये मिलवॉलविरुद्धच्या कप सामन्यात मोठी दंगल झाली, त्यानंतरचा तो निर्णय. १९८६-८७ मध्ये तर पाहुण्यांना तिकिटं द्यायला नकार दिला म्हणून त्यांना लीग कप या दुसऱ्या बाद स्पर्धेतून काढून टाकलं. चाहत्यांची गुंडगिरी वाईटच, पण पाहुण्यांशिवाय सामना म्हणजे अर्धा सामना. समोरून कुणी उत्तर देणारं नसेल तर गायचं कुणासाठी?

लिव्हरपूलच हवं असेल तर वाट लांबची आहे, पण आहे. मेंबरशिप घ्या. अ‍ॅनफील्डवर लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांची तिकिटं तुलनेने हाती लागतात, तिथून सुरुवात करा. एफए कपमध्ये पाहुण्यांना क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत तिकिटं मागता येतात, त्यामुळे एखाद्या फेरीत नशीब उघडू शकतं. जुलैत सराव सामने होतात, काही वेळा लहान मैदानांवर. आणि फार कमी लोकांना सुचतं ते म्हणजे ईएफएल ट्रॉफी, खालच्या डिव्हिजनांची कप स्पर्धा: २०१६-१७ पासून प्रीमियर लीगच्या काही क्लबांचे तरुण खेळाडूंचे संघ त्यात लीग वन आणि लीग टूच्या क्लबांशी खेळतात. अशा आठवड्याच्या मधल्या रात्री स्टँड अर्धा रिकामा असतो, तिकीट स्वस्त असतं, आणि पुढे मोठा होणारा एखादा मुलगा तुमच्यापासून दहा फुटांवर थ्रो-इन घेत असतो. या स्पर्धेवर बरीच टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे, खालच्या क्लबांना ती आपल्यावर लादल्यासारखी वाटते. पण तुमच्या जागी मी असतो तर नक्की गेलो असतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. सामन्याची तारीख टीव्हीसाठी बदलते, शनिवारचा सामना शुक्रवारी रात्री किंवा सोमवारी जातो. वेळ पक्की जाहीर झाल्याशिवाय परत न मिळणारं रेल्वेचं तिकीट काढू नका. आणि चाहत्यांच्या बसने जाणार असाल तर दारू बसमध्ये नेता येत नाही, स्टँडमधून खेळ दिसत असेल तिथेही पिता येत नाही. दोन्हीला १९८५ चा कायदा आहे.

तुम्ही कुठल्या शहरात शिकताय ते लिहिलं नाहीत. लिहा, जवळचा क्लब आणि त्याचा यंदाचा एखादा सोपा अवे सामना सुचवतो. एक्झिटरचा निघाला तर छत्री नका नेऊ, मागच्या पायरीवरच्याला काही दिसत नाही. टोपीचा रेनकोट न्या.