रात्री ८ ची मालिका सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड करून नंतर बघता येते का? साधा पेनड्राइव्ह चालेल का?

हो येते की. आमच्याकडे आईची ८ ची मालिका आणि बाबांची मॅच यावरून रोज रिमोटची ओढाताण व्हायची, ती यानेच थांबली. आपल्याकडे टाटा स्काय प्लस हा रेकॉर्डिंगवाला बॉक्स २००८ ला आला, त्यात हार्ड डिस्क बॉक्सच्या आतच असायची, पण आता बऱ्याच एचडी बॉक्सना मागे यूएसबी पोर्ट असतो आणि बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल तर त्यात पेनड्राइव्ह लावला की झालं. फक्त आधी त्यातले लग्नाचे फोटोबिटो काढून ठेवा, बरेचसे बॉक्स तो फॉरमॅट करून टाकतात. एचडीला तासाला ३-४ जीबी सहज जातात त्यामुळे १६ जीबीवाला चार-पाच तासांच्या रेकॉर्डिंगमध्येच भरतो, जुनी हार्ड डिस्क पडून असेल तर तीच लावा.

गाईडमध्ये (स्क्रीनवरची कार्यक्रमांची यादी) जाऊन कार्यक्रमावर रेकॉर्ड दाबायचं, सिरीजचा ऑप्शन दिसला तर तोच घ्या म्हणजे रोज आठवण ठेवायला नको. आणि वेळ पुढे पाच-दहा मिनिटं वाढवून ठेवा, महाएपिसोडला तर हमखास, नाहीतर नेमकं खरं कोण ते कळायच्या आत रेकॉर्डिंग बंद (आईने दोन दिवस अबोला धरला होता).

बॉक्स स्टँडबायवर ठेवायचा, भिंतीवरचं बटण बंद केलं की काहीच होत नाही. आणि ती फाईल लॅपटॉपवर चालणार नाही हां, त्याच बॉक्सला लॉक असते.