बोलिंग बॉलचा ट्रॅक अंगठ्याच्या भोकावरून जातोय? मनगटाला हात लावण्याआधी भोक तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि माझा एक अख्खा सीझन आठवला. तुम्ही लिहिलंय: उजवा हात, फिंगरटिप ग्रिप (बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत), नवा ड्रिल केलेला बॉल. लेनवरच्या तेलाची बॉलवर उमटणारी कडी, म्हणजेच ट्रॅक, अंगठ्याच्या भोकावरून जाते, लेनवर टकटक ऐकू येते, बॉल पॉकेटमध्ये (पहिल्या आणि तिच्या शेजारच्या पिनमधल्या जागेत) पोचला तरी जीव नसल्यासारखा पिन्सवरून घसरतो. आणि प्रो शॉपवाला (बॉल विकून त्याला भोकं पाडून देणारा दुकानदार) म्हणतो, "रिलीज बदला." रिलीज म्हणजे बॉल हातातून सोडण्याची पद्धत. ट्रॅक भोकापासून थोडा खाली कसा आणायचा, हा तुमचा प्रश्न.

आधीच सांगतो, मी प्रमाणित कोच नाही. न्यू जर्सीत बरीच वर्षं लीग खेळतोय, तेवढ्या आधारावर लिहितोय. डावखुऱ्यांनी सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं वाचावं.

माझ्या मते तुमचा प्रश्न हाताचा नसून मापाचा असण्याची शक्यता जास्त आहे. माझा तरी मापाचाच होता. ज्या दुकानात मी बॉल ड्रिल करून घेतला, तिथे हात मोजायला दोन मिनिटंही लावली नाहीत. स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) लांब झाला आणि अंगठ्याच्या भोकाचा कल तळहाताकडे ठेवला गेला. अशा भोकात अंगठा अडकतोच. तो सुटेना म्हणून मी बॉल मागून सरळ वर ओढू लागलो. सरळ वर ओढलं की टिल्ट (बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचा लेनशी असलेला कल) जवळजवळ शून्यावर येतो आणि ट्रॅक चढत चढत भोकावर येतो. मी तक्रार घेऊन गेलो, तर त्यांनी रिस्ट ब्रेस (मनगट ताठ ठेवणारा पट्टा) विकला. पुन्हा गेलो तर म्हणाले, हा बॉल तुमच्या खेळाला कमी पडतोय, जास्त हुक करणारा, म्हणजे लेनवर जास्त वळणारा, घ्या. तो घेतला, त्यावर तीच चुकीची मापं जशीच्या तशी उतरवली. एकदाही कोणी म्हणालं नाही की बॉल हातात धरून दाखवा, टाकून दाखवा. पैशांचं मी एक वेळ विसरेन. अंगठ्याच्या मुळाशी जे दुखणं लागलं आणि हाताला ओढायची जी सवय जडली, ती मोडायला फार काळ गेला. गिऱ्हाइकाला बॉल टाकताना न बघता त्याच्या रिलीजला दोष देणाऱ्या दुकानाचा मला आजही राग येतो.

म्हणून आधी हे करा. अंगठा पूर्ण आत, बोटं पहिल्या पेरापर्यंत. तळहाताची कातडी ताणलेली दिसली तर स्पॅन लांब आहे. मग हात सैल खाली सोडा. न आवळता बॉल हातात राहिला पाहिजे. आवळावा लागत असेल तर भोक सैल आहे किंवा कल चुकलाय. भोकाचा तळ तळहाताकडे झुकलेला असेल तर अंगठा धरून राहतो, उलट दिशेला असेल तर लवकर सुटतो. स्पॅन जितका लांब तितका हा उलटा कल साधारणपणे वाढवावा लागतो. माझ्या बॉलवर नेमकं याच्या विरुद्ध केलं होतं. भोकं बुजवून नव्याने ड्रिल करणं हा खर्च वाटतो, पण नव्या बॉलपेक्षा तो कितीतरी कमी आहे.

आणखी एक शक्यता. आजच्या बॉल्सवर एकच कडी नसते, फ्लेअरमुळे (लोळताना बॉलचा अक्ष सरकत गेल्याने) कड्यांचा पंखा उघडतो. तो पंखा भोकांच्या दिशेने उघडत असेल तर रिलीज उत्तम असूनही टकटक येते. तो दोष ड्रिलिंगच्या आखणीचा, हाताचा नव्हे.

टिल्ट स्वतः मोजता येतो. बॉलचा परीघ २७ इंचांच्या आसपास असतो. कडीने बॉलचे जे दोन भाग होतात, त्यातल्या लहान भागाच्या पृष्ठभागावरून मधोमध, कडीच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत शिंप्याची टेप लावा. साडेतेरा इंच आले तर टिल्ट शून्य. पुढे दर दीड इंच कमी म्हणजे साधारण दहा अंश. १२ इंच आले तर दहा अंश, साडेदहा आले तर वीस.

माप बरोबर निघालं तरच हाताकडे वळा. मागून पाहताना घड्याळ डोळ्यांपुढे आणा: बोटं सहावर, अंगठा बारावर. अंगठा आधी सुटला पाहिजे, बोटं नंतर. सुटताना बोटं पाच-चारच्या दिशेने आणि अंगठा दहाच्या दिशेने गेला की टिल्ट थोडा वाढतो, कडी लहान होते आणि भोकांपासून सरकते. घाई करून हात बॉलच्या डोक्यावर गेला तर कडी बशीएवढी होते, बॉल नुसता गरगरतो आणि पिन्सवर मार बसत नाही. तुम्हाला हवं आहे ते या दोन्हींच्या मध्ये. सराव पूर्ण ॲप्रोचने (सगळी पावलं टाकत येऊन) नको, लेन सुरू होते त्या फाउल लाइनजवळून एक पाऊल टाकून करा. स्कोअर बघू नका. फोनच्या स्लो मोशनमध्ये अंगठा कधी सुटतो एवढंच बघा.

तर्जनी पसरा, करंगळी दुमडा, हे सल्लेही मिळतील. मला त्यांचा फरक फारसा दिसला नाही. रिस्ट ब्रेस तर मापं तपासेपर्यंत घेऊच नका.

जाता जाता: जुन्या चर्चांमध्ये ट्रॅक-फ्लेअर बदलायला जादाचं वजन-भोक (बोट न घालायचं, बॉलचा तोल बदलणारं भोक) पाडायचा सल्ला सापडेल. अमेरिकेत यूएसबीसीने (तिथल्या बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) १ ऑगस्ट २०२० पासून ते बंद केलंय. पकडीचं प्रत्येक भोक प्रत्येक वेळी वापरलं गेलं पाहिजे. म्हणून दोन हातांनी टाकणारा ऑस्ट्रेलियन खेळाडू जेसन बेलमॉन्टे याला पाहून अंगठ्याविना दोन हातांनी टाकायचा विचार असेल, तर लीगमध्ये उतरण्याआधी अंगठ्याचं भोक बुजवून घ्या. आणि संध्याकाळ सरता सरता अंगठा सुजतो, तेव्हा भोक घट्ट बसावं म्हणून आत चिकटवलेल्या टेपच्या पट्ट्या एकेक काढत जा. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर मात्र खेळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, टेपने ते जात नाही.

कडीवर खडूने रेघ मारून बॉलचा फोटो टाका, भोकं दिसतील असा. सोबत शिंप्याच्या टेपने घेतलेलं टिल्टचं माप आणि स्पॅनही लिहा, म्हणजे दोष आखणीचा, मापाचा की हाताचा ते सांगता येईल.